खुब्याचं ऑपरेशन आणि हाडांची घनता : पडल्या दिवसापासून पहिल्या वर्षापर्यंत काय करायचं

खुब्याचं हाड मोडलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष ऑपरेशन कधी, कुठे आणि खर्च किती याकडे लागतं. ते साहजिकच आहे. मी पुण्यात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. ऑपरेशन होऊन घरी आलेल्या आजी-आजोबांना पुन्हा पायावर उभं करणं हे माझं रोजचं काम. पहिल्या भेटीत मी आधी डिस्चार्ज कार्ड मागते. त्यावर रॉड टाकला की बॉल बदलला ते असतं, टाके कधी काढायचे ते असतं, दुखण्याची गोळी, पित्ताची गोळी आणि कॅल्शियम असतं. मुळात हाडं ठिसूळ झाली म्हणून हे हाड मोडलं, हे मात्र क्वचितच लिहिलेलं असतं, आणि त्या ठिसूळपणावरचं औषध त्याहून क्वचित.

हे मला मनापासून खटकतं. उभ्या उंचीवरून, म्हणजे चालता चालता किंवा खुर्चीतून उठताना पडून साठी-सत्तरीतल्या माणसाचा खुबा मोडला, तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार आहे असंच धरायचं असतं. त्यासाठी वेगळ्या पुराव्याची गरज नाही. ऑपरेशनने एक हाड जोडलं जातं. मणके, मनगट आणि दुसरा खुबा होते तसेच ठिसूळ राहतात. एकदा खुबा मोडलेल्या माणसाचं दुसरं हाड मोडण्याचा धोका पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतो. म्हणून हाडांचा उपचार याच आजारपणात सुरू व्हायला हवा. तो करून घ्यायचं काम बहुतेक वेळा घरच्यांनाच करावं लागतं, म्हणून हा लेख त्यांच्यासाठी.

घनतेने नेमकं काय ठरतं

हाडांची घनता म्हणजे हाडात खनिज किती भरलेलं आहे त्याचं माप. डेक्सा नावाच्या तपासणीत ते टी-स्कोअर या आकड्यात मिळतं. उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर हाडं विरळ व्हायला लागलेली (ऑस्टिओपेनिया), आणि उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. हे निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवले.

ऑपरेशनच्या बाबतीत घनतेचा पहिला परिणाम पकडीवर होतो. भुसभुशीत भिंतीत खिळा जसा सैल बसतो, तसा विरळ हाडात स्क्रू सैल बसतो. रॉडचा मोठा स्क्रू खुब्याच्या गोळ्यात, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकात असतो. तो हळूहळू सरकत गोळा फोडून बाहेर येऊ शकतो. त्याला सर्जन 'कट-आउट' म्हणतात, आणि तसं झालं तर बहुधा दुसरं, आणखी मोठं ऑपरेशन करावं लागतं. दुसरा परिणाम ऑपरेशनच्या निवडीवर, म्हणजे नवा सांधा हाडात घट्ट बसवायला सिमेंट वापरायचं का, रॉड लांब घ्यायचा का, यावर होतो. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित परिणाम म्हणजे पुढचं फ्रॅक्चर.

पण एवढ्या घनतेवरून माणूस वाचेल की नाही किंवा चालेल की नाही हे सांगता येत नाही. खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण जगभरातल्या अभ्यासांत साधारण २० ते ३० टक्के दिसतं. त्यामागे पडण्याआधीची तब्येत, हृदय-फुप्फुस-किडनीची अवस्था, स्मृतिभ्रंश, कुपोषण, ऑपरेशनला झालेला उशीर आणि अंथरुणात काढलेले दिवस ही मोठी कारणं असतात. म्हणून 'हाडं फारच ठिसूळ आहेत, ऑपरेशन टिकणार नाही, राहू दे' असा निर्णय घाईने घेऊ नका. ठिसूळ हाडातही नीट बसवलेला रॉड टिकतो. ऑपरेशनच न करता पडून राहिलेल्या माणसाला बेडसोर, न्यूमोनिया आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होतात.

पडल्यावर पहिले काही तास

पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं, जांघेत दुखतं आणि पाय उचलता येत नाही. असं असेल तर खुबाच मोडलाय असं समजा. बगलेत हात घालून उभं करायचा प्रयत्न करू नका. जाड चादर किंवा सतरंजी हळूच अंगाखाली सरकवा, चौघांनी चार कोपरे धरून उचला, आणि दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवा. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. पेठांतल्या जुन्या वाड्यात अरुंद जिना असेल तर ते फोनवरच सांगा, म्हणजे ते तयारीने येतील.

तेल लावून चोळणं, हाडवैद्याकडून ओढून घेणं हे अजिबात नको. मोडलेली टोकं हलली तर जे फ्रॅक्चर सोपं होतं तेच अवघड होऊन बसतं.

काही वेळा हाड मोडतं पण टोकं एकमेकांत रुतून बसतात. मग माणूस लंगडत का होईना, चालतो. एक्स-रेसुद्धा ठीक दिसू शकतो. वयस्कर माणूस पडला, एक्स-रे 'नॉर्मल' आला, पण जांघेतलं दुखणं कमी होत नाही आणि वजन टाकवत नाही, तर एमआरआय किंवा सीटी स्कॅनबद्दल विचारा. 'मुका मार आहे' म्हणून आठवडाभर चालवलं आणि मग हाड सरकलं, असं होता कामा नये.

रुग्णालयात जाताना सगळी औषधं पिशवीत घालून न्या, फक्त चिठ्ठी नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली ते सांगा. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी बरोबर घ्या. त्याचं कारण पुढे येईल.

ऑपरेशन लवकर व्हावं यासाठी

प्रकृती साथ देत असेल तर ऑपरेशन २४ ते ४८ तासांत व्हावं, हा आता सर्वमान्य नियम आहे. उशिराने वेदना, फुप्फुसाचा संसर्ग, बेडसोर आणि भ्रम वाढतात. तरीही आपल्याकडे दिवस जातात. त्याची कारणं मी वारंवार ऐकते. मुलगा बंगळूरहून यायचाय, विम्याची मंजुरी यायचीय, इको (हृदयाची सोनोग्राफी) करणारे डॉक्टर सोमवारी येतात.

यातलं तुमच्या हातात असेल ते लगेच उरका. निर्णय घेणारं माणूस एकच ठेवा आणि बाकीच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोला. दाखल होताच विचारा: 'फिटनेससाठी नेमकं काय बाकी आहे, आणि त्याने उपचारात काय बदलणार आहे?' हृदयात नवा मर्मर (ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज) ऐकू आला, दम लागतोय, अशा वेळी इको आवश्यक आहे. केवळ वय ८० आहे म्हणून करायच्या इकोसाठी दोन दिवस थांबणं योग्य नाही. ॲस्पिरिन चालू असल्यामुळे ऑपरेशन पुढे ढकलावं लागत नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम व्हिटॅमिन के देऊन उतरवता येतो. रक्त पातळ करणाऱ्या नव्या प्रकारच्या गोळ्यांना किडनीच्या कामानुसार साधारण एक-दोन दिवस थांबावं लागतं. सोडियम-पोटॅशियम बिघडलं असेल किंवा छातीत संसर्ग असेल तर मात्र आधी ते सुधारू द्या.

डेक्सासाठी ऑपरेशन थांबवायचं नाही. ती नंतर करता येते.

दुखणं सहन करत ठेवू नका. जांघेजवळ सुन्न करण्याचं इंजेक्शन म्हणजे नर्व्ह ब्लॉक दिला की तासाभरात वेदना बऱ्याच उतरतात आणि झोप आणणारी तीव्र औषधं कमी लागतात. 'ब्लॉक देता येईल का?' हे अवश्य विचारा. उपाशी ठेवण्याचंही तसंच. घन अन्न ६ तास आणि साधं पाणी २ तास आधी थांबवलं तरी पुरतं. सकाळपासून उपाशी, संध्याकाळी ऑपरेशन रद्द, दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी, हे ऐंशीच्या माणसाला फार महागात पडतं.

सर्जनशी बोलताना काय विचारायचं

आधी हाड कुठे मोडलंय ते समजून घ्या. मानेत म्हणजे गोळ्याच्या अगदी खाली मोडलं असेल तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. तिथल्या रक्तवाहिन्या मानेला चिकटूनच वर जातात. हाड सरकलेलं असेल आणि वय जास्त असेल तर स्क्रूने जोडलेलं हाड बरेचदा जुळत नाही किंवा गोळा मरून जातो. म्हणून अर्धा सांधा बदलतात. लोक त्यालाच 'बॉल बदलला' म्हणतात. चांगलं हिंडतं-फिरतं, डोक्याने सावध माणूस असेल तर पूर्ण सांधा बदलण्याचा पर्याय असतो. हाड न सरकता नुसतंच तडकलं असेल तर स्क्रू पुरतात.

मानेच्या खाली, उंचवट्यांच्या भागात मोडलं असेल तर रक्तपुरवठा चांगला असतो आणि हाड जुळतं. तिथे रॉड (पीएफएन) किंवा प्लेट-स्क्रू घालतात. इथे खरा प्रश्न पकडीचा.

ठिसूळ हाडासाठी दोन गोष्टी मी मुद्दाम विचारायला सांगते. बॉल बदलणार असतील तर विचारा: 'सिमेंट घालणार का?' उतारवयातल्या विरळ हाडात नव्या बॉलचा सिमेंटने बसवलेला दांडा जास्त भरवशाचा असतो. बिनसिमेंटचा दांडा ठोकून बसवताना किंवा नंतर त्याच्याभोवतीचं हाड तडकण्याची शक्यता जास्त असते. सिमेंट भरताना काही रुग्णांचं बीपी एकदम उतरतं, त्यामुळे हृदय-फुप्फुसाचा आजार असेल तर भूलतज्ज्ञाशी त्याबद्दल आधीच बोला.

रॉड घालणार असतील तर ऑपरेशननंतरचा एक्स-रे दाखवून विचारा: 'स्क्रूचं टोक कुठे बसलंय?' हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो अगदी रास्त आहे. स्क्रूचं टोक गोळ्याच्या शिखरापासून समोरून आणि बाजूने किती लांब आहे, ही दोन अंतरं मिळवून एक माप काढतात. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हे माप २५ मिलिमीटर किंवा कमी असलेल्यांपैकी एकाचाही स्क्रू बाहेर आला नव्हता. हाड किती नीट जागेवर आणलं आणि स्क्रू कुठे बसवला, यावर बरंच काही अवलंबून असतं. हाडांची घनता त्या दिवशी बदलता येत नाही, पण स्क्रूची जागा साधता येते. म्हणून अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडे जाण्याला अर्थ आहे.

साध्या एक्स-रेवरूनही हाडाचा अंदाज येतो. खुब्यातल्या हाडाच्या बारीक रेघा कितपत शिल्लक आहेत यावरून ६ ते १ अशी प्रत लावायची पद्धत १९७० मध्ये भारतीय डॉक्टरांनीच मांडली. ती सिंग इंडेक्स म्हणून जगभर ओळखली जाते. ६ म्हणजे उत्तम; ३ किंवा खाली म्हणजे हाड नक्कीच विरळ. वेगवेगळ्या डॉक्टरांच्या नजरेत एखाद्या प्रतीचा फरक पडतो, म्हणून ती डेक्साची जागा घेऊ शकत नाही. पण ज्या एक्स-रेवर हाड विरळ दिसतंय, तो पाहून कुणी औषधाचं नाव काढत नसेल तर तुम्ही काढा.

वॉर्डातले दिवस

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पलंगाच्या कडेला बसणं आणि वॉकर धरून उभं राहणं, हे ध्येय ठेवा. सांधा बदलला असेल किंवा रॉड नीट बसला असेल तर बहुतेकांना सोसेल तेवढं वजन टाकायची परवानगी लगेच मिळते. 'महिनाभर पाय टेकवायचा नाही' असं सांगितलं गेलं तर कारण विचारा. कधी कधी ते खरंच आवश्यक असतं. पण वयस्कर माणसाला एका पायावर उड्या मारत चालता येत नाही. वजन टाकायला मनाई म्हणजे त्याच्यासाठी सरळ अंथरूणच. आणि पडून राहिलं की स्नायू झडतात, हाडही आणखी विरळ होतं, अगदी न मोडलेल्या खुब्याचंसुद्धा.

रात्री आजी अचानक बरळायला लागतात, सुया काढून टाकतात, मुलीला ओळखत नाहीत. हा भ्रम पुष्कळ जणांना होतो आणि बहुधा ओसरतो. चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं असलं, ओळखीचा माणूस शेजारी असला, दिवसा पडदे उघडे आणि रात्री दिवे मंद असले तर तो कमी राहतो. वेदना, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, संसर्ग, सोडियम कमी होणं ही कारणं डॉक्टरांना तपासायला सांगा. हातपाय बांधून ठेवायला किंवा झोपेचं इंजेक्शन द्यायला घाईने होकार देऊ नका.

रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषध किती दिवस चालणार, हेही कार्डावर लिहून घ्या. ते साधारण महिनाभर असतं, आणि घरी आल्यावर नेमकं तेच विसरलं जातं.

डिस्चार्जच्या आधी : हाडांच्या तपासण्या

रक्त एरवीही काढलं जात असतं. त्यातच या तपासण्या करून घ्या: कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, व्हिटॅमिन डी, क्रिएटिनिन, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईएसआर. कॅल्शियम जास्त आलं तर पीटीएच (कॅल्शियमची पातळी सांभाळणारं हार्मोन). हिमोग्लोबिन कमी आणि ईएसआर फार जास्त असेल तर मायलोमा (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) आहे का ते बघायला प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस. हाड ठिसूळ होण्यामागे कधी कधी दुसराच आजार दडलेला असतो.

स्टेरॉइडचा इतिहास खरा खरा सांगा. दम्यासाठी, संधिवातासाठी घेतलेल्या गोळ्या तर सांगाच. पण गुडघेदुखीवर 'दोन दिवसांत आराम' देणारी, लेबल नसलेली पुडीही सांगा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

डेक्सा घरी गेल्यावर महिना-दीड महिन्याने, चालणं जमू लागल्यावर केली तरी चालते. कंबर आणि न मोडलेला खुबा मोजायला सांगा. ज्या खुब्यात धातू आहे तो मोजून उपयोग नाही. आदल्या दिवशीपासून कॅल्शियमची गोळी घेऊ नका. कमरेचा आकडा चांगला आला म्हणून खूश होण्याआधी खुब्याचा बघा. सत्तरीनंतर मणक्यांना काटे आलेले असतात, ते मापात धरले जातात आणि आकडा फसवा चांगला येतो.

सोसायट्यांत, मंदिराच्या सभामंडपात 'हाडांची मोफत तपासणी' शिबिरं होतात. तिथे टाचेला लावतात ते अल्ट्रासाउंड यंत्र असतं. त्यावरून जाग आली तर उत्तम, पण उपचार त्या कागदावर ठरत नाही आणि औषधाचा गुण आला का हेही त्यावरून कळत नाही.

आणि डेक्साचा आकडा उणे २.५ च्या वर आला तरी, साध्या पडण्याने खुबा मोडलेल्या माणसाला औषध लागतंच. 'रिपोर्टमध्ये नुसतं ऑस्टिओपेनिया आहे' म्हणून ते टाळू नका.

औषध : इथे घाई नको आणि विसरही नको

कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी हा पाया. नुसत्या त्यांनी ठिसूळ हाड भक्कम होत नाही. त्यांच्या जोडीला खरं औषध लागतं.

डीची कमतरता असेल तर साधारणपणे ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्यातून एकदा, ८ आठवडे देतात आणि मग महिन्याला एक. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे आठवड्याचं सॅशे वर्षानुवर्षं चालूच आहे, कारण थांबवायचं कुणी सांगितलंच नाही. डी साठत जातं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग भूक मरते, मळमळतं, फार तहान लागते, बद्धकोष्ठ होतं, माणूस गोंधळतो. थांबायची तारीख कॅलेंडरवर लिहा.

खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर सर्वाधिक अभ्यासलेलं औषध म्हणजे झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, शिरेतून, वर्षातून एकदा. खुब्याचं ऑपरेशन झालेल्यांवरच केलेला एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत हे इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. इंजेक्शन ऑपरेशननंतर दोन आठवडे होऊन गेल्यावर देण्याकडे कल असतो. टाके काढायला जाल तोच हा विषय काढायचा दिवस. 'या औषधाने हाड जुळायला उशीर होईल' ही भीती बरेच जण बोलून दाखवतात. तसं होत असल्याचं दिसलेलं नाही.

इंजेक्शनच्या आधी डी आणि कॅल्शियम पुरेसं आहे ना ते बघतात आणि किडनी तपासतात. इथे एक गोष्ट बारकाईने बघा. ८० वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या आजींचं क्रिएटिनिन १.० आलं तर रिपोर्टवर ते नॉर्मलच दिसतं. पण वय, वजन आणि बाईमाणूस हे धरून क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती काम करते त्याचा अंदाज) काढला तर तो ३२ च्या आसपास येतो. झोलेड्रोनिकसाठी तो ३५ च्या खाली नको. म्हणून क्रिएटिनिनचा आकडा बघून न थांबता 'क्लिअरन्स किती आला?' असं विचारा. इंजेक्शनच्या दिवशी भरपूर पाणी प्यायला द्या. पहिल्या डोसनंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते, पॅरासिटामॉलने ती उतरते.

गोळी घ्यायची असेल तर ॲलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. ती कशी घ्यायची हे मी समोर बसून करून घेते, कारण आपल्याकडे डोळे उघडले की आधी चहा. ही गोळी सकाळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा नाही, दूध नाही, दुसरी कुठली गोळी नाही. नंतर किमान अर्धा तास सरळ बसायचं किंवा उभं राहायचं. परत आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ज्यांना अर्धा तास बसवत नाही किंवा गिळताना अडकतं त्यांना ही गोळी नकोच. हिलाही किडनीची तीच अट.

किडनी साथ देत नसेल तर डेनोसुमॅब, ६० मिलिग्रॅम, पोटावर किंवा दंडावर त्वचेखाली, दर सहा महिन्यांनी. किडनी फारच खराब असेल तर कॅल्शियम धोकादायक पातळीवर उतरू शकतं, त्यामुळे देखरेखीतच. या औषधाचा एक नियम कधीच मोडायचा नाही: डोस चुकवायचा नाही. ते अचानक थांबलं तर हाड भराभर झिजतं आणि मणके लागोपाठ दबतात. पुण्यात हे विशेष सांगावं लागतं, कारण कितीतरी आई-वडील सहा-सहा महिने अमेरिकेत मुलांकडे जातात आणि डोस नेमका तिथे असताना येतो. तिकीट काढायच्या आधी डोसची तारीख बघा. औषध बंद करायचंच असेल तर डॉक्टर त्याच्या जागी दुसरं देऊन मगच बंद करतात.

हाडं फारच ठिसूळ असतील, मणकेही दबलेले असतील, तर टेरिपॅराटाइड. रोज एक इंजेक्शन, २० मायक्रोग्रॅम, पेनने, घरीच. ते नवं हाड तयार करायला लावतं. जास्तीत जास्त दोन वर्षं देतात. ते संपलं की लगेच वरचं एखादं औषध सुरू करावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड हातचं जातं. कर्करोगासाठी हाडांवर रेडिएशन घेतलं असेल तर ते देत नाहीत.

जबड्याचं हाड कुजतं ही भीती समाजमाध्यमांमुळे फार पसरली आहे. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसमध्ये ते विरळाच घडतं. दात काढायचा राहिला असेल तर आधी काढून घ्या, त्यासाठी महिनोन्महिने औषध लांबवू नका. बरीच वर्षं औषध घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत नवीन दुखायला लागलं तर दोन्ही मांड्यांचा पूर्ण एक्स-रे काढा. तिथे फार क्वचित वेगळ्या प्रकारचं फ्रॅक्चर होतं आणि ते वेळीच सापडायला हवं.

घर आणि ताट

वॉकरची उंची आधी तपासा. हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. सांधा बदलला असेल तर काही आठवडे जमिनीवर बसणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं आणि पायावर पाय टाकणं बंद. जेवायला पाट मांडण्याचा आग्रह कुणी धरू नये. कमोडवर उंच सीट बसवा आणि शेजारी भिंतीत दांडी ठोका. शहाबादी फरशी ओली झाली की घसरते, विशेषतः मोरीच्या तोंडाशी. तिथलं पायपुसणं रबरी तळाचंच हवं. उंबऱ्याला पिवळी पट्टी चिकटवा आणि रात्री पलंगापासून संडासापर्यंत मंद दिवा ठेवा.

पडण्याची कारणं औषधांच्या डब्यातही असतात. झोपेची गोळी, उठल्यावर बीपी उतरवणारी गोळी, रात्री दहाला दिलेली लघवीची गोळी. डॉक्टरांना सगळा डबा दाखवा. मोतीबिंदू पिकला असेल तर ते ऑपरेशनही लांबवू नका.

जेवणात प्रथिनं कमी पडतात, हे मला जवळजवळ प्रत्येक घरात दिसतं. ५० किलोच्या माणसाला रोज ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. वाटीभर घट्ट वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात. मऊ भात, वरण आणि चहा-बिस्किटावर स्नायू परत येत नाहीत. अंडी चालत असतील तर रोज दोन, नाहीतर पनीर, दही, मुगाचं धिरडं, शेंगदाण्याचा कूट, दुधात शिजवलेलं नाचणीसत्त्व. किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून. एकादशी-चतुर्थीचे उपास या काळात सोडता आले तर फार बरं. नाहीच सोडवत तर साबुदाण्याऐवजी राजगिरा, दूध, दाणे आणि पनीर, कारण साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच.

कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, अन्न आणि गोळी मिळून. दोन कप दुधातून साधारण पावणेपाचशेच्या आसपास मिळतं. नाचणीच्या एका भाकरीतून दीडशेच्या घरात. उरलेलं गोळीतून. कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यायची. थायरॉइडच्या गोळीत आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर ठेवा, लोहाची गोळीही वेगळ्या वेळी.

खर्चाबद्दल थोडं

सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे. दोन्ही फक्त योजनेत असलेल्या रुग्णालयांतच चालतात, म्हणून दाखल होतानाच योजनेच्या काउंटरवरच्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. सरकारी ससून रुग्णालयाचा पर्याय आहेच.

पुढच्या भेटी

सहा आठवडे आणि तीन महिने झाल्यावर एक्स-रे होतो. त्याच्या आधीही जांघेत एकदम जास्त दुखायला लागलं, चालता येत होतं ते येईनासं झालं किंवा पाय आणखी आखूड वाटू लागला तर वाट बघू नका. स्क्रू सरकतो तो बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. जखमेतून पाणी, ताप, पोटरीला सूज किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

डेक्सा पुन्हा एक-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर. आकडा वाढला नाही पण घटलाही नाही, तरी औषध काम करतंय असंच समजतात. 'फरक नाही' म्हणून बंद करू नका.

जाता जाता पन्नाशीच्या पुढच्या मुलींना सांगते. आई किंवा वडील, कुणाचाही खुबा मोडला असेल तर मुलांनाही फ्रॅक्चरचा धोका वाढतो, आणि पाळी थांबल्यानंतर हाडं वेगाने विरळ होतात. आईला डेक्साला घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांना विचारून स्वतःचीही करून घ्या. दोघींचे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये लावा.